शेती अनुदान जमिनीला की कसणाऱ्याला? आयोवातली एक काउंटी आणि आपला सातबारा

मृद्गंधा

नमस्कार मंडळी. माहेर परभणी जिल्ह्यातलं, घरी कोरडवाहू शेती. सध्या अमेरिकेत आयोवा राज्यातल्या कोसुथ काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) राहते आणि इथे हिशेबनिसाचं काम करते. माझे बहुतेक ग्राहक मका-सोयाबीनवाले शेतकरी. भारतात फोन झाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे "तिकडे सरकार शेतकऱ्याला पोसतं", आणि दुसरं "तिकडे सगळं बाजारावर, कुणी भीक मागत नाही". या दोन्हींनी मला त्रास होतो, कारण दोन्ही ऐकून आपण आपल्या पीएम किसानबद्दल चुकीचे निष्कर्ष काढतो. म्हणून हा धागा.

आयोवात ९९ काउंट्या आहेत. क्षेत्रफळाने कोसुथ त्यांतली सर्वांत मोठी, सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपले दोन-तीन तालुके एकत्र केल्याएवढी. लोकसंख्या मात्र पंधरा हजारांच्या आत. अल्गोना हे मुख्य गाव. प्रत्येक काउंटीतल्या शेतकऱ्याचा संबंध कृषी खात्याच्या 'फार्म सर्व्हिस एजन्सी'च्या स्थानिक कार्यालयाशी येतो. त्यावर शेतकऱ्यांनीच मतदानाने निवडलेली काउंटी समिती असते, सदस्यांची मुदत तीन वर्षांची.

पैसे येतात कसे? मुख्य वाटा तीन: भाव किंवा उत्पन्न पडलं तर मिळणारी मदत, पीकविम्याच्या हप्त्यातला सरकारी हिस्सा, आणि धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षं पडीक ठेवून त्यावर गवत-झाडं राखल्याबद्दलचं भाडं (ही योजना १९८५ पासून आहे). यांखेरीज अधूनमधून तातडीची पॅकेजेस. त्यांबद्दल पुढे लिहीन.

पहिल्या वाटेतल्या एका योजनेत काउंटी हाच हिशेबाचा घटक आहे. मागच्या पाच वर्षांतलं सर्वांत चांगलं आणि सर्वांत वाईट वर्ष वगळून उरलेल्या तिन्हींची सरासरी काढतात, उताऱ्याची वेगळी आणि भावाची वेगळी. त्यांचा गुणाकार म्हणजे काउंटीचं आधार-उत्पन्न. २०१४ च्या कायद्यात हमी त्याच्या ८६ टक्क्यांची होती. समजा (आकडे फक्त उदाहरणाचे) मक्याचा सरासरी उतारा एकरी २०० बुशेल (धान्य मोजायचं इथलं माप) आणि भाव बुशेलला ४ डॉलर. आधार ८०० डॉलर, हमी ६८८. यंदा काउंटीत १९० बुशेल निघाले आणि भाव ३.४० राहिला, तर उत्पन्न ६४६. तूट ४२ डॉलर. ती नोंदीतल्या एकरांपैकी ८५ टक्क्यांवर मिळते, म्हणजे एकरी ३५.७०. आणि पैसे पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात.

आता कळीचा मुद्दा. 'नोंदीतले एकर' म्हणजे आज पेरलेले एकर नव्हेत. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या पेऱ्यावरून प्रत्येक शेताला मक्याचे अमुक, सोयाबीनचे तमुक असे एकर चिकटवून ठेवले आहेत. शेत विकलं की ते नव्या मालकाकडे जातात. मक्याच्या नोंदीवर मदत घेऊन तुम्ही यंदा सोयाबीन पेरू शकता. मदत जमिनीला चिकटलेली आहे. मग ती जमीन खंडाने करणाऱ्याचं काय होतं? आयोवात शेतजमिनीचा निम्म्याहून जास्त भाग असा खंडाने कसला जातो, म्हणून हा प्रश्न बारीकसा नाही. तुमच्याकडचे अनुभव वाचायला आवडतील.

काळीकसदार

उत्तम माहिती. मी सातारा जिल्ह्यातला, ऊस आणि थोडं आलं. एक शंका. काउंटीची सरासरी धरतात, तर एकट्याचं शेत गारपिटीने गेलं आणि बाकी काउंटी ठीक राहिली तर त्याला काहीच नाही? आपल्याकडे पीकविम्यात महसूल मंडळाची सरासरी धरतात, तिथं हीच बोंब आहे.

मृद्गंधा

@काळीकसदार, या योजनेतून काही नाही. त्याच्यासाठी विमा आहे, आणि तो इथे शेतकऱ्याच्या स्वतःच्या उताऱ्यावर काढता येतो. हप्त्यातला सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास भाग सरकार भरतं. पण सरासरीची बोंब इथेही आहे. २०१४ च्या कायद्यानंतर पहिल्या वर्षांत शेजारशेजारच्या काउंट्यांच्या रकमांत मोठा फरक पडला. ज्याची शेती दोन काउंट्यांत होती, पण कागद एकाच कार्यालयात, त्याचा सगळा हिशेब त्या एका काउंटीच्या दराने व्हायचा. २०१८ च्या कायद्यात शेत प्रत्यक्ष जिथे आहे तिथला दर लावायचं ठरलं.

आणि २०१९ मध्ये तर थेट काउंटीनुसार दर आले. चीनशी व्यापारयुद्ध पेटलं, सोयाबीनची निर्यात आटली, तेव्हा सरकारने दोन वर्षांत मिळून सुमारे २३ अब्ज डॉलर वाटले. २०१८ ला दर पिकावर होता: सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर, मक्याला फक्त १ सेंट. मक्यावाले खवळले. मग २०१९ ला प्रत्येक काउंटीला पिकं कुठलीही असोत, एकरी एकच दर दिला, सर्वांत कमी १५ डॉलर आणि सर्वांत जास्त १५० डॉलर. हद्दीवरच्या रस्त्याच्या अलीकडे एक दर, पलीकडे दुसरा. दक्षिणेतल्या कापसाच्या काउंट्यांना चढे दर लागले. आयोवातल्या शेतकऱ्यांना ते बोचलं.

ठोकेवाला_यवतमाळ

ताई, तुम्ही खंडाचं विचारलं म्हणून लिहितो. एरवी मी फक्त वाचत असतो.

मी बारा एकर वाहतो. त्यातले तीन घरचे, बाकी नऊ ठोक्यानं. मालक नागपूरला नोकरीत. पाडव्याला ठोक्याचे पैसे आगाऊ द्यायचे, मग पाऊस येवो न येवो. बियाणं माझं, खत माझं, फवारा माझा, वेचणीची मजुरी माझी. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० मला येतात, पण ते घरच्या तीन एकरांमुळे. माझ्या शेजारचा गडी आहे, त्याच्याजवळ स्वतःचं गुंठाभर वावर नाही, पण सात एकर कपाशी वाहतो. त्याले केंद्राचे नाहीत, राज्याचे 'नमो'चे ६,००० नाहीत. अतिवृष्टीचं अनुदान आलं तर सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात. बँक पीककर्ज देत नाही, मग सावकार किंवा कृषी केंद्राची उधारी. आणि तोच सर्वांत आधी बुडतो.

आमच्या मालकानं एका वर्षी अनुदानातले अर्धे मला दिले. भला माणूस आहे. पण ते त्याच्या मनावर होतं.

सावली२१

@ठोकेवाला_यवतमाळ, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. लिहीत जा.

पेन्सिल_आणि_नकाशा

महसूल खात्याचा अनुभव असल्याने थोडी भर घालतो. मालक कागद का करत नाही, याचं उत्तर कूळ कायद्यात आहे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला पश्चिम महाराष्ट्रातली कुळं कायद्याने मालक झाली. विदर्भाचा कायदा वेगळा आणि थोडा नंतरचा, पण दिशा तीच. नंतर लावलेल्या कुळालाही कलम ३२-ओ खाली खरेदीचा हक्क मागता येतो. लाखो कुटुंबांना जमीन देणारा हा कायदा होता, त्याबद्दल मनात पूर्ण आदर आहे. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला की आज जमीन देणारा प्रत्येक मालक कागदाला घाबरतो. सगळं तोंडी: कुठे बटई, कुठे ठोका, मक्ता, कुठे खंड, कुठे वाटा. मालकाखेरीज दुसऱ्याचा ताबा असेल तर नोंद करायला गाव नमुना सात-ब आहे. पण तशी नोंद करा म्हटलं की दुसऱ्या दिवशी जमीन काढून घेतली जाते.

नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा मांडला. मालकी मालकाचीच राहील आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत मिळेल, असा त्याचा गाभा. तो राज्यांनी उचलायचा होता.

अर्थात_मी

थोडा वेगळा सूर लावतो. जमिनीवर पैसे देण्यामागे सरकारचा आळस आहे असं नाही, त्याला कारण आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारात पिकाशी आणि भावाशी न जोडलेली थेट मदत मोकळी सोडली आहे. पीक आणि उत्पादन यांवर दिली की मर्यादा लागतात. अमेरिकेने १९९६ च्या कायद्यात पेऱ्याशी न जोडलेली ठरावीक रक्कम सुरू केली, ती बरीचशी याच विचारातून. २०१४ ला ती बंद झाली, पण जुन्या एकरांची नोंद राहिली. शिवाय जमिनीची नोंद तयार असते, कसणाऱ्यांची यादी नसते. कोट्यवधी लोकांना झटपट पैसे पोचवायचे तर तयार यादीच वापरली जाणार. पीएम किसान २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली ती निवडणुकीच्या तोंडावर, तेव्हा नवीन यादी करायला वेळ कुठे होता?

आणि मालकाचंही नुकसान होतंच की. जमिनीत त्याचं भांडवल आहे.

मृद्गंधा

@अर्थात_मी, यादीचा मुद्दा मान्य. पण इथे यादी होते, आणि ती दरवर्षी होते, म्हणूनच मी धागा काढला.

उन्हाळी पिकांसाठी प्रत्येक शेतकरी १५ जुलैपर्यंत काउंटी कार्यालयात पेऱ्याची नोंद देतो: कुठल्या तुकड्यात काय, किती एकर, आणि कोण कसतंय. मालक एका रकान्यात, कसणारा दुसऱ्या. पैशाचा नियम सरळ आहे. रोख खंडाने जमीन घेतली तर सगळी जोखीम कसणाऱ्याची, म्हणून मदतही पूर्ण त्याची. वाट्याने केली तर पिकाच्या वाट्याप्रमाणे दोघांत विभागणी. तुमच्याकडच्या ई-पीक पाहणीत २०२१ पासून मोबाइलवर पेरा नोंदवतातच ना? त्यात खातेदाराबरोबर कसणाऱ्याचा रकाना असता तर निम्मं काम झालं असतं.

पण इथे सगळं आलबेल आहे असं सांगून मी कुणाची फसवणूक करणार नाही. चेक कसणाऱ्याच्या नावे येतो, आणि पुढच्या करारात मालक खंड वाढवतो, कारण मदत किती आली हे त्यालाही ठाऊक असतं. बॅरेट कर्वन या अर्थतज्ज्ञाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मदतीच्या डॉलरमागे सुमारे २५ सेंट खंडाच्या रूपाने मालकाकडे जातात असं आढळलं होतं. म्हणजे चार आणे. माझ्या टेबलावर येणाऱ्या वह्यांतही हे दिसतं. मदतीची चांगली वर्षं गेली की खंड चढतो, मदत आटली की तितक्या लवकर उतरत नाही. २०२३ मध्ये आयोवातला सरासरी खंड एकरी २७९ डॉलर होता. नवीन पोराने शेतीत शिरायचं कसं?

दुसरी गोष्ट मोठ्यांची. मदतीची माणशी मर्यादा १,२५,००० डॉलर होती, २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने ती १,५५,००० केली. हमीही ८६ वरून ९० टक्के. पण भागीदारी संस्थेत प्रत्येक भागीदाराची मर्यादा वेगळी मोजतात, आणि २०१८ पासून कुटुंबाच्या व्याख्येत चुलत-मावस भावंडं, पुतणे-भाचेसुद्धा आले. ज्याच्याकडे वकील आहे त्याची मर्यादा वाढत जाते. विम्याच्या अनुदानाला तर मर्यादाच नाही. दोनशे एकरवाल्याला मिळणारी रक्कम त्याच्या एका ट्रॅक्टर दुरुस्तीत जाते.

मिसिसिपीकाठी

मी मेम्फिसला असतो. इथून तासाभराच्या आत, नदीपलीकडे आर्कान्सातल्या पॉइन्सेट काउंटीत टायरोन्झा नावाचं छोटं गाव आहे. तिथे खंडकरी शेतकऱ्यांच्या चळवळीचं संग्रहालय आहे, विद्यापीठ चालवतं. या धाग्याचा विषय तिथे अक्षरशः भिंतीवर लावलेला आहे, म्हणून लिहितो.

१९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने पहिला मोठा शेती-मदत कायदा केला. कृषिमंत्री होते हेन्री वॉलेस, आयोवाचेच. कापसाचा भाव मातीमोल झाला होता, म्हणून उभा कापूस नांगरून टाका, पेरा कमी करा आणि त्याचे पैसे घ्या अशी योजना. करार कुणाशी? जमीनमालकाशी. त्याने त्यातला हिस्सा आपल्या वाटेकऱ्यांना द्यावा ही अपेक्षा. घडलं असं की पुष्कळ मालकांनी हिस्सा दिला नाही. आणि पेरा कमी झाल्यावर माणसंही कमी लागणार, म्हणून वाटेकऱ्यांना झोपड्यांतून बाहेर काढलं. सरकारी पैशातून पुढे ट्रॅक्टर आले.

जुलै १९३४ मध्ये टायरोन्झाजवळ ११ गोरे आणि ७ काळे वाटेकरी एकत्र बसले आणि त्यांनी 'सदर्न टेनंट फार्मर्स युनियन' काढली. त्या काळात, त्या भागात, गोरे-काळे एकाच संघटनेत! पुढारी एच. एल. मिचेल आणि क्ले ईस्ट. एकाचं कपडे धुण्याचं दुकान, दुसऱ्याचा शेजारीच पेट्रोल पंप. आजचं संग्रहालय त्याच इमारतीत आहे. सभांवर हल्ले झाले, लोकांना मारहाण झाली. तिकडे वॉशिंग्टनमध्ये कृषी खात्यातल्या काही वकिलांनी मत दिलं की करार केलेल्या मालकाने तीच कुळं जमिनीवर ठेवली पाहिजेत. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या वकिलांनाच काढून टाकलं, जेरोम फ्रँक त्यांतले प्रमुख.

मला सांगा, यवतमाळच्या भाऊंनी वर जे लिहिलं त्यात आणि यात फरक किती आहे? नव्वद वर्षं झाली. मदत मालकाच्या हाती द्या आणि तो पुढे देईल अशी आशा ठेवा, ही रीत एकदा पूर्ण तपासून झालेली आहे. तिने माणसं देशोधडीला लावली.

आणखी एक. मृद्गंधा यांनी निवडून आलेल्या काउंटी समितीबद्दल लिहिलं. ऐकायला छान वाटतं. दक्षिणेत त्या समित्या दशकानुदशकं गोऱ्या जमीनदारांच्या होत्या आणि काळ्या शेतकऱ्यांची कर्जं, मदत अडवली गेली. त्यावरचा पिगफर्ड खटला १९९९ मध्ये तडजोडीने मिटला, सरकारला सुमारे एक अब्ज डॉलर द्यावे लागले. २०१० मध्ये आणखी सव्वा अब्जाची तजवीज झाली. तोवर पुष्कळांची जमीन गेलेली होती. गावपातळीवर अधिकार दिला की न्याय होतोच असं नाही.

काळीकसदार

@मिसिसिपीकाठी, जबरदस्त. स्वतंत्र धागा काढा यावर.

रानजाई

बायकांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराखालची मुलं. एका कुटुंबाला एकच लाभ. तो सातबारावाल्याला, म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याला. निंदणी-खुरपणी-वेचणी कोण करतं हे सगळ्यांना माहीत आहे. शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती'चं आंदोलन केलं, लोकांनी बायकोच्या नावे जमीन केली, १९९२ मध्ये राज्याचा शासन निर्णयही झाला. आमच्या आत्याच्या नावे अशीच दोन एकर झाली. आता गंमत नाही, दुःख सांगते: ज्या बाईच्या नावे जमीन आहे आणि जिला केंद्र-राज्याचे मिळून वर्षाला १२,००० येतात, तिला लाडकी बहीणमधून १,५०० ऐवजी ५०० च मिळतात. शेतीचा पैसा हा शेतीच्या खर्चाचा आहे आणि तो बाईच्या घरखर्चाच्या पैशातून वजा होतो. हे मला पटत नाही.

मृद्गंधा, तिकडे बायकांच्या नावे जमीन असते का?

मृद्गंधा

@रानजाई, आयोवात जवळपास निम्मी शेतजमीन बायकांच्या मालकीची आहे. त्यांत वयस्क विधवा पुष्कळ. नवरा गेला, मुलं शहरात, जमीन शेजाऱ्याला खंडाने. तो खंड हीच त्यांची पेन्शन. म्हणून 'मालक' म्हटल्यावर जमीनदारच डोळ्यांसमोर आणू नये हेही मला सांगायचं आहे. अशा आजींना मी खंड कमी करा म्हणू शकत नाही. पण मदत सरकारने कसणाऱ्यासाठी दिली, तर ती कसणाऱ्याकडेच थांबावी, आणि आजींच्या म्हातारपणाची सोय वेगळी असावी.

@मिसिसिपीकाठी, मनापासून आभार. समितीबद्दलचा मुद्दा अगदी खरा. त्यावर इथला एक उतारा म्हणजे उघड यादी. 'एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप' या संस्थेने २००१ पासून कुठल्या काउंटीत कुणाला किती मदत मिळाली ते नावानिशी इंटरनेटवर ठेवलं आहे. सरकारी नोंदी माहिती अधिकारासारख्या कायद्याने मिळवून. माझ्या ग्राहकांपैकी कुणालाच ते आवडत नाही. पण कोण किती नेतो हे त्यामुळेच लपून राहत नाही.

अर्थात_मी

पीएम किसानच्या संकेतस्थळावर गावनिहाय लाभार्थी यादी आपल्याकडेही दिसते. पण रक्कम सगळ्यांना सारखीच, त्यामुळे तिचा उपयोग अपात्र कोण ते पाहण्यापुरता. तेलंगणाच्या रयतु बंधूमध्ये २०१८ पासून एकरी रक्कम होती आणि जमिनीला वरची मर्यादा नव्हती. तिथे अशी यादी बोलकी ठरली असती. तिथेही खंडकरी बाहेरच होते. ओडिशाच्या कालिया योजनेने मात्र वाटेकरी आणि भूमिहीन कुटुंबं आत घेतली होती, म्हणजे इच्छा असेल तर यादी करता येते हे मी मान्य करतो.

ठोकेवाला_यवतमाळ

सगळं वाचलं, दोनदा. मला एक विचारायचं आहे. तिकडे करार लिहिलेला नसेल, नुसता तोंडी असेल, तर मालक मधेच जमीन काढून घेऊ शकतो का? आणि करार करून कसणारा पुढे मालक होतो का? मी आणि आमचा मालक याच दोन गोष्टींना भितो, पहिली माझी भीती, दुसरी त्याची.

आणि दुसरं, पीकविमा ठोकेवाल्याला काढता येतो असं ऐकलं, ते खरं का?

मृद्गंधा

@ठोकेवाला_यवतमाळ दादा, आयोवाचा कायदा असा: मालकाला कसणारा बदलायचा असेल तर १ सप्टेंबरच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. दिली तर जमीन पुढच्या १ मार्चला मोकळी होते. नाही दिली तर तोच करार, त्याच अटींवर, आणखी एक वर्ष चालू. तोंडी करारालाही हेच लागू. आणि कितीही वर्षं कसली तरी खंडकरी मालक होत नाही. मालकाला मालकीची खात्री, कसणाऱ्याला निदान पुढच्या हंगामाची. मला वाटतं आपल्याकडे नेमकी हीच मधली जागा रिकामी आहे.

पेन्सिल_आणि_नकाशा

विम्याचं मी सांगतो. हो, प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भाडेपट्ट्याने कसणाऱ्यालाही भाग घेता येतो, पण आपल्या राज्यात त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तोंडी ठोक्यावर नाही. मालकाशी बोलताना एका हंगामाचा, तारखा घातलेला करार करू असं सुचवा आणि करण्याआधी दोघांनी मिळून वकिलाला दाखवा, म्हणजे कूळ कायद्याची त्याची भीती समोरासमोर विचारता येईल. कच्चा मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, मी लिहून देतो.

ठोकेवाला_यवतमाळ

निरोप केला आहे साहेब. मालक दिवाळीला गावात येतो, तेव्हा कागद समोर ठेवतो. काय म्हणाला ते इथेच लिहीन.